फुंदाबाईला माहीत नव्हतं

मी फुंदाबाई बोलतेय. पण आधीच सांगून टाकते, मला बोलता येत नाही. मी हातात घालायची बाहुली आहे. आत हात गेला की माझी मान हलते, बोटं फिरली की हात हलतात, आणि ज्याचा हात त्याचाच आवाज. मात्र त्या हाताच्या माणसाच्या मनातलं मला कळतं. तळव्याला घाम आलाय का, बोटं आखडलीत का सैल आहेत, यावरून सगळं समजतं. म्हणून गोष्ट माझी असली तरी तिच्यात तुम्हाला बबिताच जास्त भेटेल. माझ्या आत सगळ्यांत जास्त वावरला तो तिचा हात.

माझा जन्म नेरजवळच्या एका बंजारा तांड्यातला. बबिताच्या सासूबाईंचा, रुक्माबाईंचा, फेटिया म्हणजे घागरा नेसून नेसून विरला होता. त्याच्या घेरातला बरा उरलेला लाल तुकडा म्हणजे माझं अंग. डोक्यात कापूस, नाकाच्या जागी कवडी, डोळ्यांच्या जागी दोन आरसे आणि कपाळावर लोकरीचे फुंदे. फुंद्यांवरूनच नाव पडलं. ओसरीत बसून मला शिवता शिवता रुक्माबाई सुनेला टोचत होत्या.

"इतकं शिकली न् बाहुल्या खेळाची पाळी आली तुह्यावर."

"खेळाले नाही व याडी," बबिता म्हणाली. याडी म्हणजे आई. "शाळेसाठी पाह्यजे."

"काहून? शाळेत मास्तर नाही का?"

"मास्तर हायेत. पण पोट्टे त्याइले भेतात."

ते खरंच होतं. धम्मरत्न सर नेरहून यायचे. माणूस मऊ, पण त्यांना गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, येत नव्हती आणि तांड्यातल्या पहिलीच्या पोरांना तिच्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. सर म्हणायचे "बसा", पोरं उभी राहायची. सर म्हणायचे "पाणी प्या", पोरं दप्तर उचलून घरी निघायची. एक मुलगी तर नुसती रडायची. आजीच्या मांडीवर वाढलेली, वर्गात शिरली की खांब धरून उभी. तीच बबिताची सलोनी.

बबिता कळंबची. डी.एड. झालेली, पण नोकरीची जागा काही निघाली नाही. सरांनी "ताई, तुम्हीच या मदतीला" म्हटल्यावर ती गेली, पण घाबरत गेली. स्वतःचीच पोरगी खांब सोडत नाही आणि मी दुसऱ्यांच्या पोरांना काय शिकवणार, असं तिला वाटायचं. त्यात तिची गोरबोलीही शहरात वाढल्यामुळे अर्धीमुर्धी. "हिची बोली म्हंजे पातळ कढी," रुक्माबाई शेजारणींना सांगायच्या.

बबितानं एक खेळ काढला. दोन खिडक्यांच्या मधे जुनी साडी बांधून तिचा पडदा केला आणि पडद्यावरून मला वर काढलं. फुंदाबाई पाहुणी आलीय, तिला मराठी येत नाही, तुम्हीच शिकवा. मग सर चित्र दाखवायचे आणि मी हमखास चुकायची. कुत्रा दाखवला की मी ऐटीत म्हणायची, "म्हैस." पोरं लोटपोट व्हायची. पोळीला मी टोपी म्हणायची, सरांना मावशी म्हणायची. "येडी हाय फुंदाबाई," पोरं म्हणायची आणि मला सुधारता सुधारता मराठी त्यांच्याच तोंडात बसायची.

खांबाजवळून पहिला शब्द आला तोही असाच. मी बकरीला कोंबडी म्हटलं आणि सलोनी रडता रडता थांबून, जरा रागानंच म्हणाली, "कोंबडी नाही. बकरी."

पडद्यामागे बबिताचा हात गार पडला. माझी मान लुळी पडली. पोरांना वाटलं, फुंदाबाईला लाज वाटली.

काय दिवस होते ते. खिचडी शिजल्याचा वास आला की पोरं आधी मला घास भरवायची. माझ्या तोंडावरचा हळदीचा डाग तेव्हाचा, तो अजून गेला नाही. शेंबूड पुसला का नाही ते पाहायला माझ्या डोळ्यांतल्या आरशात डोकावायची. एकमेकांच्या चहाड्या माझ्या कानात सांगायची. मला कान शिवलेलेच नाहीत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी सांगितलेलं मात्र त्यांनी कधीच खरं मानलं नाही. प्रत्येक वेळी आधी पारखून घ्यायची आणि मग हसायची. असा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पोरं मराठी बोलू लागली आणि माझं काम संपलं. धुवायची म्हणून बबितानं मला घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. धुणं राहिलंच. फोडण्यांचा धूर बसून माझा लाल रंग विटकरी झाला. पण जागा चांगली होती. संध्याकाळी बबिता चुलीपाशी बसली की सलोनी तिच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि विचारत सुटायची. पालीची शेपटी तुटल्यावर तिला दुखतं का. बापू गाडी चालवताना त्यांना झोप येत नाही का. मेलेली माणसं तांड्यातच राहतात का. बबिताला निम्म्याचीही उत्तरं यायची नाहीत. "मला वाटतं" असं म्हणून ती सुरू करायची आणि मधेच "थांब, भाकर करपली" म्हणायची. सलोनी थांबायची. भाकर उलटली की पुन्हा विचारायची.

मग इंद्रजीतनं, म्हणजे बबिताच्या नवऱ्यानं, सलोनीच्या बापूनं, घरासाठी नवा फोन आणला. तो ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर, चार दिवस घरी तर आठ दिवस बाहेर. फोनमध्ये एक बोलणारी होती. एआय म्हणतात म्हणे तिला. काहीही विचारा, ती सांगायची. मी खिळ्यावरून ऐकायची. आवाज गोड, दम लागत नाही, भाकर करपत नाही. खोटं कशाला बोलू, मला तिचं कौतुक वाटलं. सलोनीचे अपूर्णांक बबिताकडून सुटेनात तेव्हा त्या बोलणारीनं भाकरीचे तुकडे करून समजावले आणि पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बबिता सुटल्यासारखी हसली.

पण हळूहळू चुलीपाशी शांतता झाली. पाठीला पाठ लागेना. सलोनी पलीकडच्या खोलीत फोनशी बोलत बसे. तिकडे तिला कोणी थांब म्हणत नव्हतं.

बबिताचा स्वभाव काळजीचा. तिनं मोबाईल आणि मुलं यावरचे व्हिडिओ पाहिले. एकात होतं की फोन द्याच, दुसऱ्यात होतं की देऊच नका, आणि दोन्हीकडचे तज्ज्ञ तिला सारखेच पटले. एके दिवशी पोरगी शाळेत असताना तिनं त्या बोलणारीलाच विचारलं, "माझी मुलगी मला काही विचारत नाही, मी काय करू?" बोलणारीनं छान सल्ला दिला. मुलीसोबत वेळ घालवा, तिचं ऐका. बबितानं मान हलवली, मग फोनकडे पाहून स्वतःशीच म्हणाली, "पाह्य, मी पण तुलेच विचारून राह्यली."

सलोनीच्या चौथीच्या वर्षी सरांनी ठरवलं की शाळेच्या भिंतीवर 'आपल्या तांड्याची गोष्ट' रंगवायची. तांडा इथं कसा वसला ते घरी विचारून या, असं मुलांना सांगितलं. सलोनीनं घरी विचारलं, म्हणजे घरातल्या फोनला विचारलं. आणि ती बोलणारी एकदम रंगात आली. मोठा दुष्काळ पडला होता. वीर रूपसिंग नावाच्या नायकानं बैलांच्या पाठीवरून धान्य आणून लोकांचे प्राण वाचवले. राजानं खूश होऊन त्याला ही जमीन दिली आणि ताम्रपट लिहून दिला.

बबिता भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं. तवा तापला होता, पोरगी गुंतली होती. ती म्हणाली, "छान हाये. लिहून टाक."

गोष्ट भिंतीवर चढली. निळ्या अक्षरांत, कडेला बैल आणि तलवार. तांड्याचे प्रमुख, नायक गुलाबसिंग, आले, त्यांनी ती वाचून घेतली, मग पुन्हा वाचून घेतली. "मले वाटतच होतं," ते म्हणाले. आठवडाभरात ताम्रपट अख्ख्या तांड्याला आठवू लागला. कोणाच्या काकानं तो पाहिला होता. कोणाच्या घरून तो चोरीला गेला होता. कळस म्हणजे रुक्माबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "माह्या सासूच्या पेटीत होता थो तांब्याचा पत्रा. या डोयानं पाह्यला."

बबितानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "याडी, तुम्ही तर कधी बोलल्या नाही."

"तू विचारलं कवा?"

ते तिला लागलं. तिनं फोन उचलला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी राजा नव्हताच, एक साधू होता आणि एक विहीर होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वाघ निघाला. तिन्ही गोष्टी तितक्याच गोड, तितक्याच ठाम. बबितानं फोन पालथा ठेवला.

शनिवारी तालुक्याहून पाहुणे येणार होते. शाळेत एआयचे धडे सुरू झाले होते, ते पाहायला. आणि सलोनी सगळ्या तांड्यासमोर ती गोष्ट सांगणार होती. खांब धरून रडणारी पोरगी आता आरशासमोर हातवारे करून पाठ करत होती. ते खोटं आहे हे तिला कसं सांगावं? आणि नाही सांगितलं तर ती ते आयुष्यभर सांगत राहील. शिवाय हिला वाटेल, आई माझ्या फोनवर जळते. ते अगदीच खोटं नव्हतं, हे बबिताला ठाऊक होतं.

तिनं मला खिळ्यावरून काढलं, इतक्या वर्षांनी एकदाचं साबणानं धुतलं आणि ओल्या अंगानंच सरांकडे नेलं. ऐकून सर खुर्चीवर टेकले. त्यांनी एआयचं प्रशिक्षण घेतलं होतं, एआयचा जबाबदार वापर म्हणजे काय याची व्याख्या फळ्यावर लिहून दिली होती आणि पोरं ती कवितेसारखी म्हणायची. त्याच फळ्याच्या भिंतीला बाहेरून ताम्रपट रंगवलेला.

"पुसून टाकू का सर?"

"भिंत पुसली ताई, त पोरगी पण पुसल्या जाईन," सर म्हणाले. "आपण नोका सांगू. तिचं तिले सापडू द्या. ह्या फुंदाबाईले कायले आणलं तुम्ही?"

बबितानं चाचरत सांगितलं. सरांना पटलं.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांमध्ये पुन्हा साडी बांधली गेली. आता पहिलीत होती ती पोरं मला ओळखत नव्हती, चौथीची मात्र आनंदली. सरांनी खेळ सांगितला. आज फुंदाबाई एआय आहे. तिनं जे विचाराल त्याचं उत्तर द्यायचं, लगेच द्यायचं, अडायचं नाही. माहीत नाही असं म्हणायचं नाही. ज्याला फुंदाबाई व्हायचं त्यानं पडद्यामागे जायचं.

पहिला लखन गेला. चंद्रावर काय पिकतं, असं कोणी विचारलं, त्यानं ठोकून दिलं, "हरभरा." सरांच्या बैलाचं नाव काय? सरांकडे मोटारसायकल असताना बैलाला नाव मिळालं. पोरं हसून लाल झाली. लखनची बोटं माझ्यात नुसती नाचत होती.

मग सलोनी आली. तिचा हात आत आला आणि मी दचकले. आईच्या हातासारखाच तो, अंगठा तसाच थोडा आत वळलेला. तिला खेळ चांगला जमला. अडखळत नव्हती, आवाज गोड काढला होता. पुढे बसलेल्या वर्षा नावाच्या पहिलीतल्या चिमुरडीनं हात वर केला.

"फुंदाबाई, आपला तांडा इथं कोनं वसवला?"

"वीर रूपसिंगानं," मी म्हणजे सलोनी म्हणाली. पाठच होतं.

"त्याच्यापाशी घोडा होता?"

"होता ना."

"कसा?"

"पांढरा. पवन नाव होतं त्याचं."

आणि तिथं बोटं थबकली. मला कळलं काय झालं ते. घोडा फोनच्या गोष्टीत नव्हता. तो आत्ता, या क्षणी, तिच्या तोंडून आपोआप निघाला होता. रूपसिंग जितक्या सहज निघाला, तितक्याच सहज. तिच्या तळव्याला घाम फुटला.

"राजाचं नाव काय होतं?" वर्षाला आता गोष्टीत गोडी लागली होती. "सांग ना फुंदाबाई."

माझी मान हळूहळू खाली गेली. पडद्यामागून बारीक आवाज आला, "मले माहीत नाही."

"असं म्हणाचं नाही, नियम हाय."

"तरी माहीत नाही."

सलोनी पडद्याबाहेर आली. मी अजून तिच्या हातातच. तिनं सरांकडे पाहिलं नाही, दाराशी उभ्या आईकडे पाहिलं.

"मम्मी, फोननं पण असंच केलं असन का?"

बबिताकडे समजावण्याची कितीतरी वाक्यं तयार होती. ती सगळी तिनं बाजूला ठेवली. "मी त्याले परत विचारलं होतं," ती म्हणाली. "दर वेळी येगळंच सांगितलं."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"भेलती. तुले वाईट वाटन म्हणून." आणि पुढे, "तू माह्यावर रागावशीन म्हणून."

सलोनी रागावलीच. पण ती गेली ती फोनकडे नाही. मला हातात तशीच घेऊन, बबिताला मागे टाकून, ती तडक आजीकडे गेली. रुक्माबाई तूर निवडत होत्या.

"दादी, तो राजा फोननं सांगितला होता. खरा नाही थो. तुही सासू काय म्हणे, थे सांग."

"तांब्याचा पत्रा..."

"दादी."

रुक्माबाईंचा चेहरा आधी चिडला, मग उतरला. "बरा वाटला मले थो पत्रा," त्या म्हणाल्या. "सारी जिंदगी लोकं इचारत, तुम्ही कुठले, तुम्हाले इथं कोनं बसवलं. वाटलं, चला, कोनीतरी दिली होती जागा."

मग त्यांनी सांगितलं. सासू सांगायची ते एवढंच. तांडा गोण्या लादून पुढे चालला होता. इथल्या नाल्यापाशी एका बाईला कळा सुरू झाल्या. बैलांवरच्या गोण्या उतरवल्या. मुलगी झाली. बाळंतीण उठून चालायला लागेपर्यंत थांबायचं ठरलं, तोवर कोणी चूल बांधली, कोणी थोडी ज्वारी टाकली. ज्वारी आली म्हणून पुन्हा थांबले. मग थांबलेच.

"तिचं नाव काय दादी?"

"नाव नाही सांगितलं कोनं. बाईचं नाव कोन सांगते?"

सलोनीनं आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. त्याचं मराठी नीट करून दे, पण पदरचं काही घालू नको, असं त्या बोलणारीला बजावलं. तरी तिनं एक 'मंगल पहाट' घातलीच. सलोनीनं ती खोडली. माझ्या बकरीच्या वेळी होता तोच राग होता चेहऱ्यावर, मला फार बरं वाटलं.

भिंतीला चुना लागताना नायक गुलाबसिंग धावत आले. "पाव्हण्याइपुढं बाळंतपण सांगता का आता? राजा काय वाईट होता?"

"तू काय ताम्रपटातून निंघाला का रे?" रुक्माबाई ओट्यावरून म्हणाल्या. चुना लावणारे इतके हसले की सरांचा शर्टही पांढरा झाला. नायक फुरंगटून गेले. शनिवारी मात्र पुढच्या रांगेत येऊन बसले.

सलोनीनं नवी गोष्ट सांगितली, आणि आधी भिंतीवर कोणती होती आणि ती कुठून आली, तेही सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, राजाच्या गोष्टीला वाजल्या असत्या त्याहून थोड्या कमीच. बबिताला तेही चाललं.

संध्याकाळी शाळा आवरून दोघी पायरीवर टेकल्या. मी बबिताच्या मांडीवर. सलोनी दोन दिवस आईशी तुटकच होती. भिंतीकडे पाहत बसली होती. मग तिनं विचारलं, "मम्मी, त्या बाईले भीती वाटली असन का? रस्त्यावरच?"

बबिताचा हात माझ्यावर होता. तो गार झाला, मग ऊन झाला.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "तुह्या वेळी मले लय वाटली होती."

"काहून?"

बबिता सांगू लागली. पोरीची पाठ हळूच तिच्या पाठीला टेकली. घरी चूल पेटायची होती, रुक्माबाईंनी एकदा हाकही मारली. बबिता उठली नाही.

आता मी शाळेतच असते. उजवा डोळा निखळलाय, फुंद्यांची लोकर पोरांनी उपटून उपटून विरळ केलीय. आठवड्यातून एकदा पडदा लागतो, कोणीतरी माझ्या आत हात घालून ठोकून देतं आणि बाकीचे "कोनं सांगितलं? कायवरून?" म्हणून मला हैराण करतात. ती बोलणारीही कधी कधी सरांच्या फोनमधून वर्गात येते. पोरं तिलाही तसंच हैराण करतात. तिच्याशी माझं वाकडं नाही. सुधारणारं कोणी असलं की चुकायला काही वाटत नाही, हे मी तिला सांगितलं असतं.

तुम्हालाही एक सांगायचं होतं. घरात जे बोलतंय ते बोलू द्या. पण पोर पाठीशी येऊन बसलं आणि त्यानं काही विचारलं, तर तवा उतरवा. उत्तर येत नसलं तरी उतरवा. भाकर एखादी करपेल, ती मी पाहिलेल्या घरात सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली आहे.